दुआ करा, काढाही द्या. थेरपी थांबवू नका



मी डॉक्टर नाही. नऊ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची अम्मी आहे, म्हणून बोलते.

अडीच वर्षांचा झाला तरी तो हाकेला वळून पाहत नसे, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसे. तपासणी झाली, ऑटिझमचं निदान झालं, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली. तेवढ्यात एका नातेवाइकांनी कुणा हकीमसाहेबांचं चूर्ण आणलं. अट एकच : बाकीचे उपचार बंद. आम्ही बंद केले. पुडीवर घटकांची नावंही नव्हती. चार महिने गेले, फरक काही पडला नाही. शिकण्याच्या ऐन वयातले ते चार महिने मला आजही टोचतात.

जडीबुटीशी माझं वैर नाही. कलौंजी, ओवा माझ्याही घरात आहे. पण ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे. तो ‘बरा’ करणारी वनस्पती अजून सिद्ध झालेली नाही. जिन्को ही वनस्पती रिस्पेरिडोन या औषधाच्या जोडीला देऊन पाहिली गेली, जादा फायदा दिसला नाही. ब्राह्मी, अश्वगंधा यांच्याबद्दलही ठोस पुरावा नाही. उलट अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. काही सुरम्यांत आणि भस्मांत शिसं सापडलं आहे, आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं.

मग काय करायचं? पोट साफ होत नाही, झोप लागत नाही, अशा तक्रारींवर घरगुती काही द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. सांगायला लाजू नका. ‘नैसर्गिक आहे’ म्हणजे निर्धोक आहे, असं नसतं. काही वनस्पती चालू औषधाचा परिणाम कमी-जास्त करतात. बिनलेबलची पुडी घेऊ नका. आणि थेरपी बंद करायला सांगणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

थेरपीचा खर्च जड जातो, हे मी जाणते. म्हणूनच तर स्वस्त पुडी खरी वाटते. ऑटिझम असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचाही खर्च धरला जातो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ऑटिझमचा समावेश आहे. आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा. फॉर्म भरायला मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी मदत करावी. हेही सवाबचंच काम आहे.

माझा मुलगा अजून फारसं बोलत नाही. पण तहान लागली की पाण्याचं चित्र असलेलं कार्ड माझ्या हातात आणून देतो. हे त्याला कोणत्या चूर्णाने नाही, रोजच्या सरावाने आलं.