नोंद एकदाच व्हावी



देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तेव्हा क्रमांक मिळाला म्हणजे सेवा मिळाली, असं इथे तरी कोणी म्हणू नये. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने चौदा अंकी ‘आभा’ हा आरोग्य-खात्याचा क्रमांक आणला. त्याला मी एकच कसोटी लावतो: घेतलेली नोंद पुन्हा लिहावी लागू नये आणि ती रुग्णापाठोपाठ जावी.

ही गरज नंदुरबारइतकी क्वचितच कुठे असेल. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात. सोबतच्या गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपड्यांच्या बोचक्यात. ते भिजलं किंवा हरवलं, की धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं, हिमोग्लोबिन किती होतं, सिकलसेलची तपासणी झाली का, हे तिथल्या डॉक्टरला कळायला मार्ग नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! राज्याची हद्द ओलांडणारी नोंद अशा बाईचा जीव वाचवू शकते, म्हणून मी डिजिटल नोंदीच्या बाजूचा आहे.

पण ती नोंद भरते कोण? लसीकरणाच्या दिवशी सेविका आधी बाळाला पाहते, मग रजिस्टर भरते, मग तेच मोबाइलवर भरते. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा त्या तंत्रज्ञानाला घाबरल्या होत्या असं समजणं अन्यायाचं आहे. फोन निकृष्ट होते आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे नोंदीचं ॲप इंग्रजीत होतं. ज्या गावात बोलणं भिली, पावरी, मावची किंवा अहिराणीत होतं, तिथे मराठीसुद्धा दुसरी भाषा ठरते. इंग्रजीची तर गोष्टच सोडा.

रेंज नसताना हे कसं चालणार, हा आक्षेप खरा आहे. नेटशिवाय नोंद साठवता येते, पण ती पुढे पाठवायला रेंजच्या जागेपर्यंत चालत जावं लागतं. ते चालणं कामाचे तास म्हणून धरा, नेटचा खर्च द्या. काही जण म्हणतात, आधी डॉक्टर द्या, मग संगणक. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा कोणतंही ॲप भरून काढणार नाही, हे मान्यच. पण डॉक्टर आले तरी स्थलांतरित बाईचा मागचा इतिहास त्यांना लागणारच. संमतीचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. संमतीचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो आणि बाई गावी राहिली तर फोन नवऱ्याबरोबर गुजरातेत असतो. तिच्या आजाराची माहिती कोणाला दाखवायची हे तिनेच, तिच्या भाषेत समजून घेऊन ठरवायला हवं. ‘आभा’ ऐच्छिक आहे. क्रमांक नाही म्हणून कोणालाही दवाखान्याच्या दारातून परत पाठवता कामा नये.

राहिला दुहेरी नोंदीचा प्रश्न. मोबाइलमधली माहिती गेली तर, म्हणून रजिस्टर हवंच, असं अधिकारी सांगतात. त्यासाठी महिन्याची छापील प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावी. जी नोंद ॲपमध्ये सुरू होईल, तिचं रजिस्टर त्याच महिन्यात बंद करण्याचा लेखी आदेश शासनाने काढावा, ही माझी या व्यासपीठावरून मागणी आहे.