सत्राची अखेर आणि विद्यार्थ्यांचा कार्यभार

(तालुक्यातील माध्यमिक मुख्याध्यापक, शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



शिक्षणशास्त्रावर मी काही सांगावे, अशी आपली अपेक्षा नसेल. मी कलाशाखेचा पदवीधर. माझा व्यवसाय माहिती पोहोचविण्याचा. या व्यवसायात एक गोष्ट लवकरच ध्यानी येते. परिपत्रक निघाले, फलकावर लागले, वृत्तपत्रात छापून आले, म्हणजे माहिती पोहोचली, असा समज कार्यालयात बसणाऱ्याचा सहज होतो. प्रत्यक्षात ज्याला तिची गरज असते तो फलकासमोर कधी उभा राहिलेलाच नसतो. शाळेत सत्र संपताना जे घडते त्याकडे मी याच दृष्टीने पाहणार आहे.

सत्राची अखेर आली की प्रत्येक माध्यमिक शाळेत शिक्षकांची सभा भरते. कोण सेवानिवृत्त होत आहे, कोणाची संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली झाली, प्रसूती रजेवर कोण जात आहे, संच मान्यतेत कोण अतिरिक्त ठरले व त्यांचे समायोजन कोठे होणार, पुढील वर्षी दहावीची वर्गशिक्षकी कोणाकडे, ही सारी माहिती तेथे दिली जाते. निरोपाचे शब्द बोलले जातात, शाल व श्रीफळ दिले जाते, अल्पोपाहार होतो. पालकांना यातील काहीच कळत नाही. जूनमध्ये मूल घरी जाऊन सांगते, “आमच्या बाई बदलल्या,” तेव्हा कळते.

जाणारा शिक्षक कार्यभार सोपवितो, तो मात्र अत्यंत काटेकोरपणे. डेड स्टॉक रजिस्टर काढले जाते. सूक्ष्मदर्शक किती, त्यांपैकी नादुरुस्त किती, नकाशे किती, परीक्षानळ्या किती व फुटलेल्या किती, कपाटाच्या किल्ल्या, ग्रंथालयाची पुस्तके. प्रत्येक बाबीसमोर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही. एक पुस्तक कमी भरले तरी ना-देय दाखला अडतो. हे योग्यच आहे, सार्वजनिक मालमत्तेचा हिशेब असाच चोख हवा. परंतु त्याच शिक्षकाने तीन-तीन वर्षे जवळून पाहिलेली पन्नास-साठ मुले या यादीत कोठे आहेत? कोणाला फळ्यावरचे दिसत नाही म्हणून पहिल्या बाकावर बसविले होते, कोणाचा बाप व्यसनी आहे, कोणती मुलगी शनिवारी सकाळच्या शाळेला येऊ शकत नाही व का, हे सारे त्या शिक्षकाबरोबर घरी जाते. परीक्षानळीला आहे तेवढेही संरक्षण या माहितीला नाही.

आपल्याकडे यात एक गमतीची भर पडते. एका पिढीत गावोगावी मुलांच्या जन्मतारखा शाळेत नाव घालतेवेळी गुरुजींनीच ठरविल्या, आणि बहुतेकांच्या वाट्याला एक जून आली. परिणामी ५८ वर्षे पूर्ण करून ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची संख्या लक्षणीय असते. त्या दिवशी शाळेला सुट्टी! निरोप समारंभ एप्रिलच्या अखेरीस उरकलेला, आणि नवा शिक्षक येणार तो जूनच्या मध्यास, विदर्भात तर त्याहूनही उशिरा. देणारा आणि घेणारा यांची गाठच पडत नाही. मध्येच समायोजन झाले तर अवस्था याहून बिकट. संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर होते, तिचे परिणाम वर्षाच्या कोणत्याही टप्प्यावर येऊन ठेपतात, आणि रिकाम्या जागेवर तासिका तत्त्वावर आलेले शिक्षक स्वतःच किती दिवस राहतील हे सांगू शकत नाहीत.

याची किंमत कोण मोजतो, ते पाहू. आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झालेल्या मुलास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. परंतु दरवर्षी संकेतस्थळावर नूतनीकरण करावे लागते, शाळेने ते पडताळावे लागते, आणि शाळेच्या नोंदवहीतील नाव व आधारपत्रावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी काम अडते. हा फरक ज्या लिपिकाला ठाऊक होता तो बदलून गेला, वर्गशिक्षकही बदलले, नव्यांना त्या मुलाचे नाव यादीत आहे हेच माहीत नाही, मुदत टळते. शेतमजुराच्या घरात वर्षाचे बारा हजार ही रक्कम मुलगा शाळेत राहणार की कामाला जाणार हे ठरविणारी असते. सत्रअखेरच्या सभेला लिपिकाला आणि शिपायालाही बोलवावे, असे मी म्हणतो ते याचसाठी. सकाळी उपाशी कोण येते हे मुख्याध्यापकांच्या आधी शिपायाला कळलेले असते.

दुसरे उदाहरण घ्या. एखादा मुलगा तोंडी उत्तरे चटकन देतो, पण लिहिताना अक्षरांची उलटापालट करतो. नववीच्या बाईंना शंका येते की ही आळशीपणाची गोष्ट नसून अध्ययन अक्षमता असावी. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ मध्ये जे २१ प्रकार मानले आहेत त्यांत तिचा समावेश आहे, आणि दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. मात्र त्यासाठी सक्षम रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. तपासणी, पुन्हा तपासणी, यात महिने जातात. बाईंची एप्रिलमध्ये बदली झाली. दहावीचे नवे सर ऑगस्टपर्यंत त्याला निष्काळजी समजून शिक्षा करतात, दिवाळीनंतर त्यांनाही तीच शंका येते, आणि तोवर मंडळाकडे प्रस्ताव पाठविण्याची वेळ निघून जाण्याच्या बेतात असते. दोन्ही शिक्षक कर्तव्यदक्ष आहेत. त्यांच्यामध्ये एका तासाची भेट झाली नाही, एवढेच.

प्रथम सत्राच्या अखेरीचा प्रश्न मराठवाड्यातील व नगर भागातील मित्रांना मी सांगावयास नको. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये. सुट्टीनंतर पटावर नाव राहते, बाकावर मूल नसते. कोणते मूल आजीजवळ राहणार, कोणते वसतिगृहात, कोणते फडावर जाणार, हे वर्गशिक्षकास सुट्टीपूर्वी विचारून ठेवता येते. हंगामी वसतिगृहे आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही मंजूर झाली. परंतु शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदा वर्षांपर्यंतचे. नववी-दहावीतले मूल त्याच्या बाहेर पडते, आणि त्याचा शोध घेणे बहुधा कोणाच्याच कामाच्या यादीत राहत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रश्न वेगळा. एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने. नववीतील एखाद्या मुलीने मार्चमध्ये बाईंच्या कानावर घातलेले असते की घरी स्थळे पाहावयास सुरुवात झाली आहे. बाई निवृत्त होतात. जूनमध्ये ती मुलगी येत नाही, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसती गैरहजेरी लागत राहते. येथे पंचायत सदस्यांचे काम सुरू होते. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ चा आहे. राज्याच्या नियमांनुसार गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. सुट्टीत शाळा बंद असते, पंचायत बंद नसते.

तर करावयाचे काय? मागणी फार लहान आहे. कार्यभार यादीला विद्यार्थ्यांचे एक पान जोडावे. संपूर्ण वर्गाचे नव्हे. ज्यांच्याकडे लक्ष पुरवावयास हवे अशा आठ-दहा मुलांचे. नाव, बाब काय, आतापर्यंत काय केले, पुढे काय व कोणत्या महिन्यात करावयाचे. त्यावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही. घेणारा अद्याप नेमला गेला नसेल तर पर्यवेक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी ते स्वीकारावे व जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्या शिक्षकापुढे ठेवावे. कल्पना नवी नाही. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्येच प्रत्येक विद्यार्थ्याची शालेय नोंद ठेवण्याचा आग्रह धरला होता. पुढे संचयी नोंदपत्रके छापली गेली, आणि अनेक ठिकाणी ती जूनमध्ये एका शाईने भरली जाऊन कपाटात गेली. सर्वांची सर्व माहिती भरावयास सांगितली की असे होते.

“आधीच यू-डायस, सरल, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, त्यात आणखी एक कागद?” हा आपला प्रश्न मला ऐकू येतो आहे, आणि तो रास्त आहे. म्हणून या पानाचा अहवाल कोणाकडेही पाठवू नये, त्याची गोषवारा पत्रके मागवू नयेत, असे मी अधिकारी वर्गालाही सुचवितो. तो शाळेचा स्वतःचा कागद राहू द्यावा. संगणकावरील नोंद मुलाचे नाव व इयत्ता एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेते. कोणत्या बाकावर बसविले म्हणजे त्याला दिसते, हे नेत नाही.

मात्र लिहिताना भाषा सांभाळावी. “ढ आहे”, “घर वाईट आहे” असे शेरे नव्या शिक्षकाच्या मनात मूल वर्गात येण्यापूर्वीच त्याच्याविषयी ग्रह निर्माण करतात. “जानेवारीपासून गणिताच्या तासाला अकरा दिवस गैरहजर” हे लिहावे. निष्कर्ष घेणाऱ्यावर सोपवावा. काही गोष्टी तर या पानावर येताच कामा नयेत. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांकडे किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे कळविणे बंधनकारक आहे, आणि बालकाची ओळख गुप्त राखणेही तितकेच आवश्यक आहे. ते काम सत्राच्या अखेरीची वाट पाहत नाही.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांविषयी एक शब्द. वर्षअखेरीच्या सभेच्या दिवशी त्यांचे तास संपलेले असतात, म्हणून त्यांना बोलावले जात नाही. विज्ञानाचे वर्षभराचे अध्यापन त्यांनीच केलेले असले तरीही! त्यांना त्या दिवशी बोलवावे, आणि संस्थेने एका दिवसाचे मानधन द्यावे. त्यावाचून बोलावणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

पालकांपर्यंत बातमी कशी न्यावी, हे विचाराल तर सोय तयारच आहे. १ मे रोजी ग्रामसभा असते, आणि बहुतेक शाळांचे निकालही त्याच सुमारास लागतात. ग्रामसभेत मुख्याध्यापकांनी पाच मिनिटे मागून घ्यावीत: कोणते शिक्षक जात आहेत, दहावीचा वर्ग कोणाकडे, शिष्यवृत्तीच्या कामासाठी सुट्टीत कार्यालय कोणत्या वारी उघडे राहील व कोणाला दूरध्वनी करावयाचा. सरपंचांनी तेवढेच कागदावर लिहून पंचायतीच्या फलकावर, आणि शक्य तर पिठाच्या गिरणीवरही लावावे, कारण गिरणीवर बायकांना थांबावे लागते आणि मुलीच्या शाळेचा निर्णय होताना घरात त्या असतात.