हिवाळ्यातले केस आणि तेलाची मागणी



ज्या गावी वैशाखात संध्याकाळी सातलादेखील ओट्यावर बसवत नाही, त्या गावी "हिवाळ्यात केस कोरडे पडू नयेत म्हणून काय करावे" या विषयावर बोलणारा मनुष्य विक्षिप्तच असला पाहिजे, असे कार्यक्रमपत्रिका वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी म्हटले असेल. आमच्या संघटनेतल्या एका मित्राने तर मला तोंडावरच विचारले, "भाऊ, बोनस झाला, किमान वेतन झाले, आता डोक्यावर आलात काय?" मी त्याला म्हटले, बाबा रे, डोक्यावर मी फार उशिरा आलो, हीच माझी चूक आहे. त्या चुकीबद्दलच आज बोलावयाचे आहे.

विषय उन्हाळ्यात का घेतला, यालाही कारण आहे. मोहाची फुले आता वेचून झाली. आणखी महिन्या-दीड महिन्याने त्याच झाडांखाली टोळी पडू लागेल. टोळी म्हणजे मोहाच्या फळातली बी, हे येथल्या कोणाला सांगावयास नको. परंतु ही भाषणे पुढे छापली जातात, आणि पुण्यामुंबईचा वाचक टोळी म्हटल्याबरोबर दरोडेखोरांची समजेल, म्हणून सांगून ठेवतो. पौषातले तेल ज्येष्ठ-आषाढात वेचावे लागते. पौषात आठवण झाली तर दुकानातली बाटली तेवढी आपल्या हाती उरते.

आता चुकीची हकिगत. काही वर्षांपूर्वी एका तांदळाच्या गिरणीत आम्ही मागण्यांचा खलिता तयार करीत होतो. आपला हा मुलूख धानाचा. कार्तिक-मार्गशीर्षात कापणी आणि चुरणे आटोपले की गिरण्या रात्रंदिवस चालू लागतात; म्हणजे गिरणीचा भर आणि थंडीचा भर एकाच वेळी येतो. झाडणे, पाखडणे, पोती भरणे ही कामे बायांची. त्यांनी मला तीन गोष्टी लिहावयास सांगितल्या : अंग धुवावयास पाणी, साबण, आणि डोक्याला तेल. मी पाणी लिहिले, साबण लिहिला, तेल लिहिले, आणि रात्री घरी जाऊन स्वच्छ प्रत करताना तेलाची ओळ खोडून टाकली. मनात म्हटले, मालक हसेल. तेल मागणारी संघटना उद्या काजळ-कुंकूही मागेल म्हणेल, आणि त्या हसण्यात आमची मजुरीची मागणी वाहून जाईल.

दुसऱ्या दिवशी खलिता वाचून दाखवला. एक वयस्कर बाई उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तेलाची कलम काहून खोडली? तुमच्या डोसक्यात भुसा जात नाही म्हून?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, पण ते हसणे काही खरे नव्हते. मग त्या बाईंनी डोक्याचे फडके सोडले आणि केस पुढे केले. केरसुणीची काडी असते तसे ते लागले. फणी घातली की तुटत. दिवसभर कोंडा बसतो, त्याची खाज सुटते, म्हणून रोज डोक्यावरून अंघोळ. तीही कपड्याच्या साबणाने, कारण घरात साबण एकच. अंघोळीनंतर तेल नाही. "घरात तेल हाय, पन त्याची भाजी करू का ते डोसक्याले लावू, तुमीच सांगा," असे त्या म्हणाल्या. मी काय सांगणार? मी सातवीपर्यंत शिकलेला मनुष्य. त्यापुढले जे काही वाचले ते वाचनालयांच्या बाकांवर. पण या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते.

तेव्हा मला माझ्या लाजेचे मूळही आठवले. लहानपणी आई मला टोळीचेच तेल लावीत असे. थंडीत ते वाटीत थिजून लोण्यासारखे होई; ती वाटी चुलीच्या कडेला ठेवून, पातळ झाले की तळहातावर घेऊन ती माझे डोके चोळी. टोळीच्या तेलाला वास असतो, हे खरेच आहे. शाळेत एका गुरुजींनी त्या वासापायी मला मागच्या बाकावर बसवले, आणि मी घरी येऊन आईशी भांडलो की मला सुगंधी हिरवे तेल पाहिजे. ते तिने कोठून आणावे? त्या वर्षी मी हट्टाने कोरड्या डोक्याने शाळेत गेलो. संघटनेचा कार्यकर्ता झाल्यावरही तो मागच्या बाकावरचा मुलगा माझ्या आत बसलेला होता आणि त्यानेच ती ओळ खोडली, असे मला आज वाटते.

असो. त्या बाईंच्या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी मी वाचू लागलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

केस हा शरीरातून बाहेर आलेला, जीव नसलेला धागा आहे. मुळापाशी तो जिवंत, बाहेर मृत. म्हणून बाहेरचा केस एकदा फाटला की अंगावरच्या जखमेसारखा भरून येत नाही. तो जपावाच लागतो. त्याच्या अंगावर घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात. हा धागा हवेतले पाणी पितो आणि हवेला पाणी परतही देतो. ही नुसती उपमा नव्हे. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली हवेतील ओलावा मोजण्याचे एक यंत्र प्रसिद्ध केले, त्यात माणसाचा केस ताणून बसवला होता. हवा दमट झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्याला जोडलेला काटा हलतो. वेधशाळांतून असली यंत्रे पुढे कितीतरी वर्षे चालली. म्हणजे आपल्या डोक्यावर हजारो ओलावामापके उगवलेली आहेत, आणि हिवाळ्यात ती सगळी एकच गोष्ट सांगत असतात : हवेत पाणी नाही. थंड हवेत पाण्याची वाफ मुळातच कमी मावते. ती हवा दुपारी तापते तेव्हा तिची तहान वाढते. मग ती ओठांतून, टाचांतून आणि केसांतून मिळेल तेथून पाणी ओढते.

आता गिरणीतली बाई घ्या. हवा कोरडी, ती तर सर्वांनाच. त्यात कोंड्याची पूड. कोणतीही बारीक कोरडी पूड तेल शोषते, म्हणून डोक्याच्या कातडीतून निघणारे स्वाभाविक तेल ती पूड पिऊन टाकते. वर कपड्याचा साबण. तो तिखट क्षाराचा असतो; क्षाराने केसांवरची कौले उचलली जातात आणि आतला ओलावा उघडा पडतो. बोअरिंगचे पाणी जड असले तर साबणाचा चुन्यासारखा थर केसावर बसतो तो निराळाच. यात गंमत पाहा, आणि ती मला फार बोचते : तांदळाच्या कोंड्यातच तेल असते. तो कोंडा पोत्यांत भरून तेलाच्या कारखान्यांकडे जातो आणि त्याचे खाद्यतेल होऊन बाटलीत परत येते. ती पोती भरणाऱ्या बाईच्या डोक्याला मात्र थेंब नाही.

उपाय काय? पहिली गोष्ट, तेल म्हणजे पाणी नव्हे. तेलाने केस ओले होत नाहीत; केसातले पाणी उडून जाण्यास ते आडकाठी करते. म्हणून ठणठणीत कोरड्या केसांवर तेल थापण्यापेक्षा, धुऊन पुसलेले केस किंचित ओलसर असताना दोन-चार थेंब टोकांकडे लावणे अधिक गुणाचे. टोके ही केसाचा सर्वांत जुना भाग, म्हणून तीच आधी फाटतात. दुसरी गोष्ट, रोज डोक्यावरून कढत पाणी घेऊ नये. थंडीत ते सुखाचे वाटते हे मी जाणतो, मीही घेत होतो. पण ते कातडीचे तेल धुऊन नेते. साबणाऐवजी शिकेकाई किंवा रिठा सौम्य. गिरणीत जाण्यापूर्वी तेल लावून, वेणी घालून, घट्ट विणीचे फडके बांधले तर धूळ आत कमी जाते आणि केस एकमेकांवर घासून तुटत नाहीत. सैल फडके बांधण्यात काही अर्थ नाही.

कोणते तेल, हा प्रश्न राहिला. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून असे दाखवले की, धुण्याने केसातले प्रथिन झिजते ते खोबरेल लावल्यास कमी झिजते. कारण खोबरेल केसाच्या आत शिरते. कंपनी स्वतःच खोबरेल विकणारी, हे मी संघटनेचा मनुष्य असल्यामुळे आधी पाहिले. परंतु कारण पटण्यासारखे आहे : खोबरेलात जे लहान रेणूचे आम्ल भरपूर असते ते आत शिरू शकते. टोळीच्या तेलात ते नाही. तेव्हा टोळीचे तेल खोबरेलाहून श्रेष्ठ, असे केवळ अभिमानापोटी मी म्हणणार नाही. ते दाट आहे, केसावर बसते आणि कोरड्या हवेला अडवते. हिवाळ्यात आपल्याला तेवढे काम पुरे आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. आपल्या भाषेत गिरणीतला तोही कोंडा आणि डोक्यातला तोही कोंडाच, म्हणून घोटाळा होतो. डोक्यातल्या कोंड्यामागे कातडीवर राहणारी एक सूक्ष्म बुरशी असते आणि ती तेलावरच जगते. तो झाला असता अधिक तेल चोपडणे म्हणजे तिला जेवू घालणे. तेथे डॉक्टरला दाखवावे. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. लहान मुलाचे केस कोरडे, विरळ, तांबूस झाले आणि सहज उपटून येऊ लागले, तर त्याला हिवाळा समजू नये. ते उपासमारीचे, अन्नातल्या प्रथिनांच्या तुटवड्याचे लक्षण असू शकते. असली मुले आपण आपल्या या चांदा-गडचिरोलीच्या पाड्यांवर पाहिलेली आहेत. "तेल घाल गं त्याच्या डोक्याला" असे आईला सांगून पुढे जाणारे कार्यकर्तेही मी पाहिले आहेत. त्यांत मी एक होतो. त्या मुलाचे ताट आधी पाहावयाचे, वजन करावयाचे, दवाखान्यात न्यावयाचे.

आता तेल ही चैन की गरज? १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरवले : कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, माणशी २७०० उष्मांक, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. डोक्याचे तेल त्या 'किरकोळ'मध्ये बसते. औद्योगिक कामगारांचा जो महागाई निर्देशांक सरकार काढते, ज्याचे नागपूर हे एक केंद्र आहे, त्या निर्देशांकाच्या टोपलीत केसांचे तेल स्वतंत्र वस्तू म्हणून मोजले जाते. सरकार मोजते आणि मी खोडले! १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४२ व्या कलमात धुण्याची पुरेशी, सोयीची आणि स्त्रियांसाठी वेगळी आडोशाची व्यवस्था असावी असे होते. २०२० च्या संहितेतही धुण्याची सोय आहे. पण मजुरांची संख्या कमी दाखवली की लहान गिरणी त्यातून सुटते, आणि तेलाचे नाव तर कोणत्याच कलमात नाही.

बाटलीवाल्यांच्या तेलाची फिकीर मात्र थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. लहान बाटलीतले खोबरेल हे खाण्याचे तेल की केसांचे, यावर वर्षानुवर्षे खटला चालला, कारण खाण्याच्या तेलावर कर कमी आणि केसांच्या तेलावर अधिक. १८ डिसेंबर २०२४ रोजी निकाल लागला : केवळ बाटली लहान म्हणून ते केसांचे तेल ठरत नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये केसांच्या तेलावरचा करही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. "भाजी करू का डोक्याला लावू" हाच आमच्या बाईंचा प्रश्न. न्यायालयात तो कराचा होता, तिच्या घरी चमचाभर तेलाचा.

म्हणून मी टोळीकडे वळतो. मोहाचे झाड फुले देते ती लोकांना ठाऊक. त्यावर बोलणारे आणि पिणारे पुष्कळ. फळाकडे लक्ष कमी. बायामुले पहाटे उठून टोळी वेचतात आणि वाटेवरच्या व्यापाऱ्याला विकतात. ती साबणाच्या धंद्याला जाते. पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा; गौण वनोपजावर गावाचा हक्क त्यांनी मानला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून पुढे आपला बांबू आपण विकला, हे आपण सर्व जाणता. २०१३-१४ पासून केंद्राच्या आधारभूत किमतीच्या योजनेत मोहाची बी आणि करंजीही आहे. विकू नका असे मी म्हणत नाही. घरात मीठ आणावयाचे असते. पण सगळी विकू नका. घरापुरती राखा.

राखलेली टोळी फोडून आतला गर चांगला कडकडीत वाळवला पाहिजे. पाऊस तोंडावर असतो, म्हणून येथेच फसगत होते. ओला गर ठेवला की बुरशी लागते आणि तेल खवट होते. ज्या वासाने मला मागच्या बाकावर नेले त्यात पुष्कळ वाटा या खवटपणाचा असावा, असे आता वाटते. ताजे तेल गाळून, झाकणाच्या भांड्यात, अंधारात ठेवावे. थिजले तर बिघडले असे समजू नये, खोबरेलही थिजते, उन्हात ठेवावे. राहिलेली ढेप फेकू नये. तिच्यात फेस आणणारे द्रव्य असते. तामिळ मुलखात मोहाच्या ढेपेने केस धुतात. मात्र ती गुराढोरांपुढे टाकू नये आणि नाल्यात तर मुळीच नाही, मासे मरतात.

त्या गिरणीचे पुढे काय झाले, हे विचाराल. नळ मिळाला, साबण मिळाला. तेलाची मागणी दुसऱ्या खलित्यात बायांनी स्वतः घातली. मालक हसलाच, पण बाया हसल्या नाहीत, आणि ती मागणी अजून उभी आहे. दरम्यान त्यांनी ठरवले आहे की, यंदा घरटी थोडी टोळी एकत्र करून घाण्यावर न्यावयाची. ज्यांना त्यात आपली टोळी घालावयाची असेल त्यांनी सभा संपल्यावर मागच्या रांगेत बसलेल्या बायांकडे नावे द्यावीत. वही त्यांच्याजवळ आहे. माझ्याजवळ त्यांनी दिली नाही. माझ्या हातून तेलाची ओळ एकदा खोडली गेलेली आहे.