जुना लॅपटॉप अडतो तेव्हा



लालबाग-परळहून गणपतीला गावी निघालेला चाकरमानी हल्ली कपड्यालत्त्याबरोबर कधीकधी घरातला जुना लॅपटॉपही घेतो आणि गावच्या शाळेला देऊन टाकतो. देणगी चांगलीच, पण यंत्र सात-आठ वर्षे राबलेले असते. चार दिवस बरे चालते आणि मग अडू लागते. पडद्यावरचा बाण हलत नाही, कळ दाबावी तर अक्षर उमटत नाही. गुरुजी यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. शेवटी कोणीतरी सल्ला देतो, "मुंबईला पाठवा, लॅमिंग्टन रोडला." पाठवायला हरकत नाही. पण पाठवण्यापूर्वी घरच्या घरी काय पाहून ठेवावे, ते आज सांगणार आहे.

दुरुस्तीच्याही आधी एक काम आहे. मुलांची निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी, शाळेचा पत्रव्यवहार हे सगळे त्याच यंत्रात असेल आणि दुसरीकडे कोठेही नसेल, तर यंत्र चालू होते आहे तोवरच ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. गाणी, चित्रपट मागाहून. हे झाल्याशिवाय "विंडोज नव्याने टाकून पाहू" असे कोणी म्हणाले, तर त्याला हात लावू देऊ नका.

आता यंत्र अडते कशाने? आपल्या वर्गातलेच उदाहरण घ्या. लॅपटॉपात रॅम नावाची स्मृती असते, ती म्हणजे फळा. चाललेले काम तेवढे तिथे लिहायचे. यंत्र बंद झाले की फळा पुसला. हार्ड डिस्क म्हणजे वही, तिथे लिहिलेले टिकते. फळा लहान असला आणि धडा मोठा असला, की यंत्र थोडे फळ्यावर, थोडे वहीत असे करत बसते आणि त्या जा-ये करण्यातच वेळ जातो. जुन्या लॅपटॉपात बहुधा ४ जीबी रॅम असते. इंटरनेटची दहा पाने एकदम उघडली की ती भरलीच म्हणून समजा.

हे ओळखायचे कसे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरीचा आकडा नव्वदीच्या पुढे असेल, तर फळा अपुरा आहे. मेमरी मोकळी, पण डिस्कचा आकडा सारखा शंभरावर, असे असेल तर वहीकडे संशयाने पाहा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीची तबकडी असते, बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, आणि वाचणारे टोक तिच्यावरून केसाच्या जाडीहूनही किती तरी कमी अंतराने तरंगत असते. कान देऊन ऐका. टक् टक् असा आवाज येत असेल, तर उरलेल्या नोंदी उतरवून घेण्यापलीकडे त्या तबकडीला कोणतेही काम सांगू नका.

तिसरे कारण उष्णता. सुरुवातीला छान चालते, अर्ध्या तासाने पंखा घुंघुं करू लागतो, बूड तापते आणि मग अडते, ही तिची खूण. बहुतेक यंत्रांत शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचताच मुख्य चिप आपणहून वेग कमी करते. मसाल्याच्या दुकानात हिशेबाला ठेवलेला लॅपटॉप असो की खडूच्या भुकटीतला शाळेचा, आत पंख्यापाशी धुळीचा थर बसतोच. तो काढवून घ्या आणि चिपवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्या. बरे का, गादीवर ठेवून लॅपटॉप वापरणे म्हणजे त्याचे नाक दाबणेच आहे. आणि बूड फुगलेले दिसले, तर ती बॅटरी समजा: चार्जर काढा, यंत्र बंद करा, दाबून किंवा टोचून पाहू नका.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि पुष्कळशा जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. यंत्र अडण्याचे कारण हे नव्हे. पण एवढ्यासाठी ते मोडीत घालायचीही गरज नाही. लिनक्स फुकट मिळते. केरळच्या सरकारी शाळांतून ते कित्येक वर्षे वापरात आहे.

एवढे पाहून मग मुंबई गाठा. ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की हा रस्ता. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबांचे नाव लोकांच्या तोंडून जात नाही. एके काळी रेडिओचे सुटे भाग शोधत लोक इथेच येत. रविवारी जाऊ नका. बरीच दुकाने बंद असतात. यंत्राच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक लिहून न्या, कारण डीडीआर-३ रॅमच्या जागी डीडीआर-४ बसत नाही आणि काही पातळ यंत्रांत तर रॅम चिकटवलेलीच असते. "चालत नाही हो" एवढेच सांगू नका. केव्हा अडतो, किती वेळाने, आकडा कोणता दिसला, ते सांगा. तबकडी काढून एसएसडी बसवली, तर तेच जुने यंत्र पुष्कळ चपळ होते. खर्च एकाच गोष्टीवर करणे शक्य असेल आणि मेमरी अगदीच अपुरी नसेल, तर मी हीच करीन. खर्चाचा आकडा कागदावर लिहून घ्या, काम तुम्हाला विचारल्याशिवाय वाढवू नका असे बजावा, आणि काढलेली जुनी तबकडी मागून घ्या. शाळेतल्या मुलांची नावे, जन्मतारखा, पत्ते तिच्यावर अजून तसेच असतात.