दोन बॅटऱ्यांची गाडी : आधी काय सोडायचे, शेवटी काय जोडायचे
(करमाड येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव आणि कर्ज यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आज बॅटरीवर बोलणार आहोत. कापूस जिनिंगला नेणारा मोठा ट्रक घ्या, नाहीतर मोठे हार्वेस्टर घ्या, त्यांत बहुधा दोन बॅटऱ्या असतात. मिस्तरी जालना रोडवर, गाडी शिवारात. मग पाना आपल्याच हातात येतो. एका ठिणगीने डोळा गेला तर तो कोणत्याही हमीभावात परत मिळत नाही.

दोन बॅटऱ्या दोन तऱ्हेने जोडतात. एका मोटारीने पाणी टाकीत चढवले, तिथून दुसरीने आणखी वर नेले, तर उंची वाढते. तशी एकीची प्लस दुसरीच्या मायनसला जोडली की बारा आणि बारा मिळून चोवीस व्होल्ट होतात. दोन मोटारी एकाच हौदात पाणी टाकत असतील तर उंची तेवढीच राहते, पाणी वाढते. तशी प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडली की व्होल्ट बाराच राहतात, ताकद वाढते. आपल्या गाडीत कोणती तऱ्हा आहे, ते वायर सोडण्याआधी बघा. वायरींना खुणेच्या चिंध्या बांधा.

आता सोडण्याचा क्रम. इंजिन बंद, चावी बाहेर, दिवे बंद. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. मग चासीला गेलेली मायनस आधी सोडा. असे का? सगळी चासी मायनसला जोडलेली असते. प्लस सोडताना पाना लोखंडाला टेकला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह पान्यातून धावतो. मायनस आधी सुटली की ती वाटच तुटते. जुन्या काही इंग्लिश ट्रॅक्टरांत प्लस चासीला असते. तिथे प्लस आधी. नियम एकच : चासीची वायर आधी सुटते आणि शेवटी जोडली जाते.

बारा व्होल्टच्या जोडीत खरा धोका इथे आहे. एक बॅटरी उचलली म्हणून गाडी मेली असे समजू नका. तिच्या सुटलेल्या प्लस वायरीत दुसरी बॅटरी अजून वीज पुरवत असते. म्हणून दोन्ही मायनस आधी, मग दोन्ही प्लस. चोवीसच्या जोडीत चासीची मायनस, मग मधली दुवा वायर, मग प्लस. जोडताना सगळे उलट.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. तिथे बिडी नको. ॲसिड डोळ्यात गेले तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवा आणि दवाखाना गाठा. इंजिन चालू असताना बॅटरी कधीच सोडू नका, आल्टरनेटर जळतो.

आणखी एक. तरणा आणि म्हातारा बैल एका जुवाला जुंपत नाही आपण. तशा दोन्ही बॅटऱ्या एकाच वयाच्या, एकाच क्षमतेच्या घाला. नाहीतर जुनी नवीलाही घेऊन बुडते.

हा क्रम आपल्या ड्रायव्हरला आणि घरातल्या पोरांना आज रात्रीच सांगा.