आमच्या मागे याचं कोण?

ज्यांच्यामुळे हे संमेलन भरतं आहे ती अपंग मुलंमुली आणि दूरदूरच्या गावांहून आलेले त्यांचे आईबाप आज इथे आहेत. आधी एक सूचना. सभा चालू असताना कुणी ओरडलं, हसलं, उठून फेऱ्या मारू लागलं, तर वक्त्यांनी थांबू नये आणि श्रोत्यांनी माना वळवू नयेत. गर्दीचा नि ध्वनिक्षेपकाचा त्रास होणाऱ्यांसाठी डावीकडची खोली शांत ठेवली आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय अशा प्रसंगी हटकून वाचला जातो. जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही उत्तरं नाकारतो. आज हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण त्याचं गोड रूप आपल्या मंडळ्यांत सर्रास ऐकू येतं: देव असं मूल खास आईबापांच्याच पदरात घालतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मान्य. तरी शिष्यांच्या प्रश्नात आणि या कौतुकात एक गोष्ट सारखी आहे. दोन्हींत मुलाच्या अपंगत्वाचा हिशेब आईबापांच्या खात्यावर मांडला जातो, एकदा दोष म्हणून, एकदा गुण म्हणून. बाकीची मंडळी दोन्ही वेळा मोकळी. त्याच अध्यायात पुढे परूशी त्या आईबापांना बोलावून घेतात आणि ते अंग काढून घेतात. मुलगा वयात आला आहे, त्यालाच विचारा म्हणतात. उपदेशांत त्यांना भित्रं ठरवलं जातं. पण सभास्थानातून बाहेर काढले जाण्याची भीती त्यांना होती, असं योहान स्वच्छ लिहितो. ती भीती त्यांच्या मनात समाजाने घातली होती.

यावर कुणी म्हणेल, त्या आंधळ्याला दृष्टी मिळाली ना? मग विश्वास वाढवा, प्रार्थना करा. प्रार्थना जरूर करावी. पण मार्कच्या नवव्या अध्यायातला, झटके येणाऱ्या मुलाचा बाप आपला विश्वास अपुरा असल्याचं उघड कबूल करतो, आणि तेवढ्यावर येशू त्याचा मुलगा बरा करतो. तिथे कमी पडतात ते शिष्य. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, आणि पौलाला अल्पविश्वासी म्हणायला कुणी धजत नाही. तीच सवलत वीस वर्षं गुडघे टेकणाऱ्या आईला का नसावी? योहानाच्याच पाचव्या अध्यायात येशू बऱ्या केलेल्या माणसाला यापुढे पाप करू नकोस म्हणतो, हेही दाखवलं जाईल. ते त्या एका प्रौढ माणसाला सांगितलं आहे. त्यावरून नियम करायचा, तर नववा अध्याय खोडावा लागेल.

माझं म्हणणं असं की ‘का?’ हा प्रश्न आईबापांच्या गळ्यात आपण बांधतो. त्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळा असतो: आमच्या मागे याचं कोण? आणि त्याला शास्त्रात सविस्तर उत्तर आहे. शौल राजाचा नातू, योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे राजा झालेल्या दावीदाने त्याला आपल्या पंक्तीला बसवलं, एवढंच आपण सांगतो. पण दावीदाने आधी शौलाची सारी जमीन त्याच्या नावे परत केली, आणि ती कसायला शौलाचा नोकर सीबा, त्याचे 15 मुलगे आणि 20 चाकर नेमून दिले. जेवणाआधी मिळकत, आणि मिळकतीला माणूस. कथा तिथे संपत नाही. दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडात हाच सीबा मफीबोशेथाविरुद्ध राजाचे कान भरतो आणि सगळी जमीन पदरात पाडून घेतो. नोकराने दगा दिला, मी अधू आहे, हे मफीबोशेथ सांगतो, पण फार उशिरा. दावीद जमीन दोघांत वाटून मोकळा होतो. खरं कोण बोललं, हे शास्त्र सांगत नाही. मला तर हा दावीदाचा ढिसाळपणा वाटतो. पालक नेमला, पण त्याच्यावर नजर ठेवायला कुणी नेमलं नाही.

हे काम सरकारचं, असा आक्षेप येईल. कायदा आहेच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल 18 वर्षांचं झालं की आईबापांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. पुढे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकासाठी अर्ज करावा लागतो. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर वर्षी हिशेब द्यायचा असतो. दावीदाला जे सुचलं नाही, ते इथे लिहिलेलं आहे. पण कायदा अर्जदार पैदा करत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या ज्यांना पालक हवा, त्यांच्यासाठी समितीपुढे उभं राहायला ओळखीचं, विश्वासाचं माणूस लागतं, आणि ते शेजारच्या बाकावरून उठून यावं लागतं.

दुसरा आक्षेप आपल्याच इतिहासातून येतो: आपण संस्था काढल्या की! काढल्या, आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात अंध स्त्रियांना घर मिळालं. ॲना मिलर्डबाईंनी 1900 साली मुंबईत अंधांसाठी शाळा सुरू केली. पण संस्था उभी राहिली की मंडळीला वाटतं, आपली सोय झाली. वर्गणी पाठवायची आणि रविवारी मोकळ्या मनाने उपासनेला बसायचं. ज्यांना संस्थेत जागा नाही, किंवा आईबापांना मूल घरीच हवं आहे, त्यांच्यापर्यंत ही वर्गणी पोचत नाही. 

दाराशी कोरे अर्ज ठेवले आहेत. प्रत्येक मंडळीने आणि धर्मग्रामाने आपल्याकडच्या अशा एकेका कुटुंबासाठी दोन माणसांची नावं, त्यांची संमती घेऊन, परवा संध्याकाळपर्यंत लिहून द्यावीत. एक पालक म्हणून, दुसरा त्याच्या हिशेबावर नजर ठेवायला. पुढचं सत्र साडेदहाला सुरू होईल. चहा बाहेर व्हरांड्यात आहे.