कणगीतले वाण



कवी केशवसुतांच्या या मालगुंडात आज चर्चा आहे ती भाताच्या दुखण्यांची. पावसाची उघडझाप सुरू झाली, हवा दमट राहिली की भाताच्या पातीवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असे ठिपके उमटतात. हा करपा. तोच पुढे लोंबीच्या मानेवर आला की मान मोडते आणि दाणा भरत नाही. कडा करपा निराळा. करपा बुरशीचा, तर हा जिवाणूचा. शंका आली तर रोगट पाती कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावी. कडा करपा असेल तर कापलेल्या टोकातून थोड्याच वेळात दुधट धार पाण्यात उतरते. दोन्ही रोगांची औषधे वेगळी, म्हणून ही खूण प्रत्येक घरात माहीत हवी.

फवारणी खर्चाची, आणि कोकणातल्या पावसात ती धुऊन जाते. बियाण्यातच ताकद असणे हा खरा इलाज.

ही ताकद पुष्कळदा सापडते ती कोणी ढुंकून न पाहिलेल्या भातात. 1970च्या दशकात ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूने आशियातला भात खुरटून टाकला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले. कामाला आला तो उत्तर प्रदेशातल्या रानभाताचा एकच नमुना. गुरदेव खुश यांच्या आयआर 36 या वाणात त्याची प्रतिकारशक्ती उतरली. कडा करप्याला अडवणारे एक्सए 21 हे जनुक आले आफ्रिकेतल्या मालीच्या रानभातातून. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ते आणखी दोन जनुकांसह सांबा मसुरी या वाणात आणले आणि 2008 मध्ये सुधारित वाण प्रसारित झाला. सांबा मसुरीचे हे काम साध्या संकरातून झाले. प्रत्येक पिढीत डीएनएवरची खूण तपासून रोपे निवडली गेली. जनुके तीन घेतली, कारण एकट्या जनुकाला जिवाणू स्वतःत बदल करून चुकवू शकतो. तिघांना एकाच वेळी चुकवणे त्याला फार कठीण.

वायंगणाचे, म्हणजे हिवाळ्यात पेरल्या जाणाऱ्या उन्हाळी भाताचे, दुखणे थंडीचे. पारा 12-13 अंशांखाली गेला की पेरलेले भात उगवायला रेंगाळते, रोपे पिवळी पडतात. पोटरीत गारठा लागला तर परागकणच वांझ होतात. 1993च्या थंड उन्हाळ्यात जपानचे भाताचे पीक सुमारे पाव हिश्श्याने घटले आणि त्या देशाला तांदूळ आयात करावा लागला. चिनी शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये कोल्ड 1 हे थंडी सोसण्याचे जनुक उजेडात आणले. त्याचेही मूळ चीनच्या रानभातात.

आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिरगाव केंद्राने रत्नागिरी 24सारखे वाण दिले. पनवेलच्या वाणांनी खाजणातल्या खाऱ्या जमिनीत तग धरला. हे काम पुढे न्यायचे तर पैदासकाराच्या हाताशी विविधता हवी, आणि ती अजून कोकणातल्या कणगीत आहे. पटणी, वरंगळ, वालय, बेला, मुणगा हे वाण उतारा कमी म्हणून मागे पडले. त्यांतला कुठला उद्याच्या करप्याला पुरून उरेल, हे तपासल्याशिवाय ठरवता येणार नाही; आणि बियाणे संपले तर तपासायला काही उरणारच नाही. 2001च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे. तो वापरावा.

यंदा कापणीच्या वेळी जुन्या वाणाच्या निरोगी लोंब्या वेगळ्या काढा, नीट वाळवा. पिशवीवर वाणाचे नाव, गाव, जमीन कातळावरची की मळ्यातली आणि पिकायला लागलेले दिवस लिहा. थोडे बी स्वतःकडे ठेवा आणि उरलेले शिरगावच्या केंद्रात पोहोचवा.